नैराश्याची गोळी: सुरू करताना आणि सोडताना

नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम नावाची गोळी मी साडेतीन वर्षे घेतली आणि ती सोडण्याचा प्रयत्न दोनदा केला. पहिला प्रयत्न चार दिवसांत फसला आणि दुसऱ्याला अकरा महिने लागले. मी डॉक्टर नाही. मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसल्यावर काय विचारावे आणि घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवावे, हे मला उशिरा समजले. ते इतरांना वेळेवर समजावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे. गोळीची मात्रा वाढवणे, कमी करणे किंवा बंद करणे हे मात्र ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांच्याशी बोलूनच करावे.

सुरू करताना

पहिल्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारताही सांगाव्यात. एक म्हणजे आपण घेत असलेली बाकीची सगळी औषधे, त्यांत दुखण्यावरचे ट्रामाडोल, अर्धशिशीच्या गोळ्या, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि खोकल्याचे औषधसुद्धा आले. यांपैकी काहींची या गोळ्यांशी जोडी जमत नाही. काहींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर काहींमुळे शरीरात सेरोटोनिन या मेंदूत संदेश पोचवणाऱ्या रसायनाचा अतिरेक होऊ शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटणे, अफाट उत्साह, अखंड बडबड आणि बेसुमार खर्च असा काळ येऊन गेला असेल तर तो. तसे असेल तर आजार द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर, असण्याची शक्यता असते आणि निव्वळ नैराश्याची गोळी दिल्यास उन्माद उफाळू शकतो.

औषध हातात आल्यावर पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकले जाते. क्लोनाझेपाम हे वेगळ्या जातीचे, शांत करणारे औषध आहे; त्याची सवय लागते आणि बरेच दिवस घेऊन ते एकाएकी थांबवले तर फिट येऊ शकते. आपली गोळी साधी आहे की जोडगोळी, हे पहिल्याच दिवशी समजून घ्यावे, कारण सोडताना या दोन औषधांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

पहिल्या आठवड्यात त्रास आधी जाणवतो आणि गुण नंतर येतो. मळमळ, डोके जड होणे, पोट बिघडणे, उगाच जांभया येणे, झोप उडणे किंवा दिवसभर पेंग येणे हे बहुधा एकदोन आठवड्यांत ओसरते. मळमळ होत असेल तर नाश्त्यानंतर गोळी घेतल्याने पुष्कळ फरक पडतो. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी निराश होऊन पाकीट कचऱ्यात टाकू नये. याच काळात अंगात विलक्षण अस्वस्थता भरली, एका जागी बसवेना किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांच्या बाबतीत घरच्यांनी हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

लैंगिक इच्छा मंदावणे हा या गोळ्यांचा अगदी नेहमीचा परिणाम आहे आणि बहुतेक लोक तो डॉक्टरांपासून लपवतात. लपवू नये. मात्रा बदलून किंवा औषध बदलून त्यावर मार्ग निघू शकतो, आणि याच एका कारणाने गुपचूप गोळी सोडणाऱ्यांची फजिती मी जवळून पाहिली आहे. वयस्कर माणसांना गोंधळल्यासारखे झाले किंवा तोल जाऊ लागला तर रक्तातले सोडियम तपासून घ्यावे. एखादा दिवस गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

माझा पहिला प्रयत्न

दहा महिने झाले होते, प्रकृती छान होती, आणि गणपतीला कोकणात निघताना पाकिटात दोनच गोळ्या शिल्लक होत्या. आता कशाला हवी, असे म्हणून मी नवीन पाकीट घेतलेच नाही. गोळी संपल्याच्या तिसऱ्या दिवशी आरतीला उभे असताना मान वळवली आणि डोक्यात बारीकसा वीजेचा झटका बसल्यासारखे झाले. डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फिरवले की पुन्हा तसेच. रात्री इतकी ठसठशीत स्वप्ने पडली की सकाळी ती खरी वाटत होती. चक्कर, घाम, आणि टाळ मागायला आलेल्या पुतण्यावर मी ओरडलो तेव्हा घरात एकदम शांतता झाली. पित्त झाले असेल म्हणून काकूंनी कोकम सरबत दिले, आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला, तालुक्याच्या गावी जाऊन गोळी आणली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झटके थांबले होते.

एवढ्या लवकर थांबले, यातच उत्तर होते. गोळी सोडल्यावर येणारा त्रास आणि परत आलेले नैराश्य यांत माणूस हमखास गल्लत करतो, आणि मग 'बघा, गोळीशिवाय मला जमतच नाही' असे ठरवून मोकळा होतो. सोडण्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो, त्यात झटके, चक्कर, मळमळ अशी मूळ आजारात नसलेली शारीरिक लक्षणे असतात, आणि गोळी पुन्हा घेतली की तो झपाट्याने जातो. आजार परततो तो सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू, जुन्याच ओळखीच्या खुणा घेऊन. गोळी पुन्हा सुरू केली तरी उतार पडायला आठवडे लागतात. नेहमीच इतके स्वच्छ वेगळे दिसते असे नाही, कारण रडू येणे, चिडचिड आणि झोप उडणे दोन्हीकडे असते. म्हणूनच तारखा लिहून ठेवायच्या.

गोळीची सवय लागते का, हा प्रश्न घरोघर विचारला जातो. दारूची किंवा तंबाखूची लागते तशी तलफ या गोळीची लागत नाही, आणि तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा चढवत न्यावी लागते असेही होत नाही. शरीर मात्र तिला सरावते, आणि सरावलेल्या शरीराखालून ती एकदम काढून घेतली की ते तक्रार करते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात गोळी थांबवल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, तर तुलनेसाठी औषधाऐवजी दिलेली नुसती साखरेची गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना तो झाला. म्हणजे खरोखर औषधामुळे झालेला त्रास साधारण सहासात जणांमागे एकाला, आणि तीव्र स्वरूपाचा त्याहून पुष्कळ कमी लोकांना. ज्यांना काहीच होत नाही त्यांना ही सगळी खबरदारी अतिरेकी वाटेल. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळत नाही, एवढीच अडचण आहे.

सोडायचे कधी

बरे वाटू लागल्यावर निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवतात. नैराश्य पुन्हापुन्हा आलेले असेल तर त्याहून बरेच जास्त, कधी दोन वर्षे किंवा अधिक. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळी घेऊन बऱ्या असलेल्या ४७८ जणांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वर्षभरात गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के आणि सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्के पुन्हा आजारी पडले. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे. सोडण्यात धोका आहे हे खरे, पण सोडणाऱ्यांपैकी शंभरात चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवणेही काही पक्का विमा नव्हता. आपला आजार किती वेळा आला होता आणि किती खोल होता, यावर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच निर्णय घ्यावा. गोळी आयुष्यभर चालू ठेवण्याचा निर्णयही तितकाच शहाणपणाचा असू शकतो.

वेळ निवडताना पुढच्या सहाआठ महिन्यांकडे पाहावे. घरात मुलांचे दहावी-बारावीचे वर्ष, लग्नकार्य, नोकरीतली बदली किंवा कोणाचे मोठे आजारपण असेल तर थांबावे. दिवस गेल्याचे कळताच घाबरून स्वतःहून गोळी बंद करणाऱ्या स्त्रियांनी तर आधी डॉक्टरांना फोन करावा. घरातल्या किमान एका माणसाला सांगून ठेवावे, कारण आपली चिडचिड आपल्याआधी त्याला दिसते.

खालच्या पायऱ्या

माझा पहिला समज असा होता की दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आलो म्हणजे अर्धे काम झाले. प्रत्यक्षात ते फार थोडे झालेले असते. सिटालोप्राम या भावंड औषधाचे उदाहरण घेऊ. त्याची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतल्या सेरोटोनिन परत खेचून घेणाऱ्या वाहकांपैकी सुमारे ८० टक्के अडवते. मात्रा निम्मी केली तरी ७० टक्क्यांच्या आसपास अडलेलेच राहतात, पाचच्या जरा वर असताना ६० टक्के, दोनच्या जरा वर असताना ४० टक्के, आणि एक मिलिग्रॅमहून कमी घेतले तरी २० टक्के. म्हणजे वरचे दहा मिलिग्रॅम उतरताना मेंदूला फारसे कळतही नाही, आणि शेवटचे दोन मिलिग्रॅम सोडताना मात्र तो कड्यावरून खाली येतो. एस्सिटालोप्राम साधारण निम्म्या मात्रेत तेच काम करते, त्यामुळे त्याचे आकडे आणखी खालचे. म्हणून पायऱ्या वर मोठ्या चालतात, खाली त्या लहान लहान करत न्याव्या लागतात.

माझा उतार डॉक्टरांनी असा आखून दिला: साडेसातवर एक महिना, पाचवर दोन महिने, पावणेचारवर दोन, अडीचवर अडीच, आणि सव्वावर साडेतीन महिने. वरची अर्धी मात्रा एका महिन्यात उतरली आणि खालच्या अर्ध्या मात्रेला दहा महिने लागले. सर्वांना एवढा वेळ लागत नाही. काहींचे दोनतीन महिन्यांत सुरळीत होते, काहींना याहून जास्त लागतो.

पाच मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करणे हे कागदावर सोपे वाटते. मी पहिल्या दिवशी दाढीचे ब्लेड वापरले, तर एक तुकडा ओट्यावरून उडून मिक्सरच्या मागे गेला आणि दुसऱ्याचा भुगा झाला. औषधाच्या दुकानात गोळी कापण्याची छोटी डबी मिळते, ती घ्यावी. गोळी आधी अर्धी करून मग अर्ध्याचे अर्धे करावे, आणि लहानमोठे तुकडे झाले तर ते लागोपाठच्या दिवशी घ्यावेत, म्हणजे सरासरी सांभाळली जाते. पावसाळ्यात तुकडे दमट होतात, म्हणून एका वेळी आठवड्याचेच कापून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावेत. व्हेन्लाफॅक्सिन किंवा ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधांच्या हळू विरघळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल यांना मात्र ब्लेड किंवा खलबत्ता अजिबात लावू नये. त्यांची मात्रा कशी उतरवायची किंवा द्रवरूपात दुसरे काही मिळते का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

एक दिवसाआड गोळी घेणे, म्हणजे दूधवाल्यासारखे खाडे करत सोडणे, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. एस्सिटालोप्रामचे रक्तातले प्रमाण साधारण तीस तासांत निम्मे होते, पॅरोक्सेटिनचे सुमारे एकवीस तासांत, व्हेन्लाफॅक्सिनचे तर पाचच तासांत. एक दिवस खाडा केला की मेंदूला रोज वरखाली झोके बसतात. फ्लुओक्सेटिन एवढे त्याला अपवाद आहे, कारण ते आणि त्यापासून तयार होणारा पदार्थ शरीरात कित्येक दिवस, अगदी आठवडे रेंगाळतात. याच गुणामुळे काही डॉक्टर सोडताना रुग्णाला आधी फ्लुओक्सेटिनवर आणतात. बाकीच्यांनी मात्रा कमी करावी, पण रोज घ्यावी.

नोंदीसाठी मी वेगळी वही केली नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत पेन्सिलने मात्रा आणि दोन अक्षरे लिहीत असे: झ म्हणजे झटके, चि म्हणजे चिडचिड, आणि पुढे शून्य ते पाच आकडा. सव्वावर उतरल्यावर पाचव्या दिवशी 'झ ३, चि ४' अशी नोंद आहे आणि पुढचे आठ दिवस ती खाली आली नाही. डॉक्टरांनी मला परत अडीचवर नेले, तीन आठवडे तिथेच ठेवले आणि मग पुन्हा उतरवले. या वेळी झटके दोन दिवसांत विरले. एक पायरी परत वर जाणे म्हणजे हरणे, असे तेव्हा वाटले होते. आता ती चौकट पाहिली की घाईच चुकीची होती हे दिसते.

शेवटचा तुकडा घेतल्यानंतरही ती पेन्सिल मी सहा महिने दोरीने दिनदर्शिकेला बांधून ठेवली, आणि डॉक्टरांची पुढची तारीख त्याच दिवशी, प्रकृती उत्तम असताना, ठरवून घेतली. झोप, भूक आणि सकाळी उठावेसे वाटणे या तीन गोष्टी सलग दोन आठवडे बिघडल्या तर त्या तारखेचीही वाट पाहायची नाही, असे बायकोला सांगून ठेवले होते. उरलेल्या गोळ्या घरात कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून औषधाच्या दुकानात विचारून त्यांची विल्हेवाट लावली.