कलेवरचा, वाचनावरचा ललित लेख मासिकाला पाठवताय? या चुका टाळा

लेख पाठवून तीन महिने झाले; होकार नाही, नकार नाही. पूर्वी निदान ‘साभार परत’चं पाकीट घरी यायचं. ईमेलच्या काळात तेवढाही शिष्टाचार उरला नाही. अशा वेळी खोट लेखात शोधण्याआधी फाइलमध्ये शोधा, तिथे ती लवकर सापडते.

जुन्या श्रीलिपी फॉन्टात केलेली फाइल, समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर, अगम्य चिन्हांचा ढीग होऊन उघडते. म्हणून युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवा. पीडीएफ सोबत चालेल, एकटी नको. तिच्यातून मजकूर उचलताना वेलांट्या नि जोडाक्षरं तुटतात. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय का तेही बघा. खाली टिंब असलेला ‘ऱ’ न घेता साधा ‘र’ घेतला की पुढच्या अक्षरावर रफार चढतो. ‘र्य’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा. सरसकट बदललंत तर ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ही बिघडतील.

आता लेख. पुस्तकाचं कथानक सांगणारी वाक्यं पेन्सिलीने खोडा. उरलेला मजकूर निम्म्याहून कमी असेल तर तो ललित लेख नाही, पुस्तक-परिचय आहे. तो परीक्षणाच्या सदराकडे पाठवावा. याच्या उलट दुखणंही असतं: पुस्तकाचं नाव बदलून दुसरं घातलं तरी लेखाला काहीच होत नाही. म्हणजे पुस्तक नुसतं निमित्ताला आणलंय.

चित्रांबाबत हे जास्तच घडतं. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे म्हटलं की ‘शांतता’, ‘ध्यान’, ‘गूढ’ हे शब्द धावून येतात. रोलरने चढवलेले, सुरीने खरवडलेले रंगाचे थर कुणी पाहतच नाही. कुठे रंग जाड आहे, कुठे खालचा थर डोकावतो, हे दोन वाक्यांत लिहिलंत तर ‘गूढ’ लिहावं लागणार नाही. आणि सुरुवातीची ठाणे-वाशी लोकलची खिडकी, मासुंदा तलावावरचा पाऊस? पहिले २०० शब्द झाकून वाचा. काही अडलं नाही तर ते काढाच.

चित्राचा फोटो छापायचा असेल तर हक्क तपासा. भारतात चित्रकाराच्या निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मुक्त आहेत. एम. एफ. हुसेन २०११ साली गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत थांबा किंवा लेखी परवानगी घ्या. दालनात मोबाइलने टिपलात म्हणून चित्राचा हक्क तुमचा होत नाही. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, लागतात: १५ सेंटिमीटर रुंदीसाठी साधारण १८०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवा.

मासिक न वाचता लेख पाठवणं ही चूक सांगायला लाज वाटते, इतकी ती सर्रास आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखी १८९३पासूनची संस्था हाताशी असताना तर सबबच नाही. निवडलेल्या मासिकाचे मागचे तीन अंक चाळा, लेखांची लांबी मोजा. १५०० शब्द मागितले असतील तर २६०० पाठवून ‘तुम्हीच कापा’ म्हणू नका. फेसबुकवर टाकलेला लेख पुष्कळ संपादक पूर्वप्रकाशित धरतात, तेव्हा ते आधीच सांगा. दिवाळी अंकासाठी गणपतीत लेख पाठवणं म्हणजे वरात गेल्यावर अक्षता वाटणं, जूनपर्यंत पोचवा.

एकच लेख एकाच वेळी चार ठिकाणी नको. तीन महिन्यांनी मूळ ईमेललाच जोडून एका ओळीची विचारणा करा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर ‘लेख मागे घेत आहे’ असं कळवून मगच तो दुसरीकडे पाठवा.