ई-सायकलची बॅटरी काढण्याआधी हातातली अंगठी काढा

बॅटरीवर बहुतेकदा ३६ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण अशा बॅटरीच्या आत लिथियम सेलचे दहा टप्पे एकामागोमाग जोडलेले असतात आणि प्रत्येक टप्पा भरल्यावर ४.२ व्होल्टला पोचतो. म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरी ४२ व्होल्टची. एवढ्याने कोरड्या हाताला सहसा झटका बसत नाही, आणि तिथेच माणूस बेसावध होतो. खरी भीती शॉर्ट सर्किटची. अंगठी, बांगडी किंवा धातूच्या पट्ट्याचं घड्याळ दोन्ही टोकांना एकदम टेकलं, तर क्षणात लालबुंद तापून बोट भाजतं. हे सगळं आधी उतरवून ठेवा. पाना, स्क्रू ड्रायव्हरही बॅटरीवर ठेवू नका.

चार्जर लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा. मग डिस्प्लेवरून सायकल बंद करा, बॅटरीला वेगळं बटण असेल तर तेही, आणि मगच किल्ली फिरवून बॅटरी काढा. चालू असताना ओढली तर ठिणगी उडते, जोडणीच्या पट्ट्या काळ्या पडतात.

कनेक्टर बदलायचा असेल तर लाल आणि काळी वायर एकाच वेळी कधीही कापू नका. पक्कडच दोन्ही जोडून टाकते! एक कापा, टेप गुंडाळा, मग दुसरी.

बॅटरी निघाल्यावरही कंट्रोलरच्या (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीच्या) कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, थोडा चार्ज उरतो. वायरिंगला हात लावण्याआधी चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा.

पावसात भिजलेली बॅटरी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. फुगलेली तर लावूच नका.