वॉर्निंगला हात घालण्याआधी

एकच सी प्रोग्राम लिनक्स, विंडोज आणि मॅकवर चालवायचा असेल, तर कम्पायलर (लिहिलेल्या कोडचा यंत्राला चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) देतो त्या वॉर्निंग्ज, म्हणजे संभाव्य चुकांच्या सूचना, आधी निस्तराव्या लागतात. त्यासाठी कोडला हात लावण्याआधी जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स, म्हणजे आधीच्या कम्पाइलमधून उरलेल्या फाइल्स, पुसून टाका. जी फाइल पुन्हा कम्पाइल होत नाही, तिची वॉर्निंगही दिसत नाही. मग तिन्हीकडे एकदा बिल्ड करून (सगळा प्रोग्राम बांधून) लॉग, म्हणजे कम्पायलरनं छापलेल्या ओळी, जपून ठेवा, तोही समांतर जॉब न लावता, नाहीतर ओळींची सरमिसळ होते आणि उद्याचा लॉग याच्याशी ताडून पाहता येत नाही. लॉगवर कम्पायलरची आवृत्ती लिहाच: जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी जीसीसी हा कम्पायलर फक्त वॉर्निंग द्यायचा, 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 पासून ती थेट एरर झाली आहे.

कम्पायलरला सूचना देणाऱ्या फ्लॅगपैकी ‘-वॉल’ (-Wall) याच्या नावातल्या ‘ऑल’वर जाऊ नका, त्यात सगळ्या वॉर्निंग्ज येत नाहीत. जोडीला ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ (-Wextra) लावा, मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरला ‘/डब्ल्यू4’. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणं, चालू करणारा ‘-ओ2’ही हवा, कारण किंमत न भरलेल्या व्हेरिएबलच्या काही वॉर्निंग्ज जीसीसी ऑप्टिमायझेशनशिवाय देतच नाही. वॉर्निंगला एरर करणारा फ्लॅग मात्र स्वतःच्या तपासणीपुरता ठेवा. तो लोकांना दिलेल्या सोर्समध्ये राहिला, तर उद्याच्या नव्या कम्पायलरच्या एका नव्या वॉर्निंगनं त्यांचा बिल्ड अडेल.

आता एका कागदावर टाइपांची (व्हेरिएबलच्या प्रकारांची) मापं लिहून समोर ठेवा. 64 बिट लिनक्सवर आणि मॅकवर ‘लाँग’ हा पूर्णांकाचा टाइप 8 बाइटचा, 64 बिट विंडोजवर 4 बाइटचा. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, तिन्हीकडे 8. निम्म्या वॉर्निंग्जचं मूळ मला इथेच सापडतं. कळकळीनं सांगतो, इथे ‘लाँग’चा कास्ट टाकून, म्हणजे किंमत जबरदस्तीनं त्या टाइपची करून, कम्पायलरला गप्प करू नका. 3 जीबीच्या फाइलचा आकार असा कास्ट करून छापला, तर लिनक्सवर 3221225472 बरोबर येतं आणि विंडोजवर उणे 1073741824. वॉर्निंग गेलेली असते, चूक तिथेच असते. 64 बिट पूर्णांक छापायला ‘इंटटाइप्स’ हेडरमधले ‘पीआरआय’ (PRI) मॅक्रो वापरा, आकारासाठीच्या ‘साइझ_टी’ टाइपला ‘%झेडयू’ (%zu).

‘कॅर’ (char) या एका अक्षराच्या टाइपसाठी वेगळा वेळ काढा. इंटेल प्रोसेसरवर तो सहसा साइन्ड (उणे किमतीही धरणारा) असतो, एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर अनसाइन्ड, आणि अ‍ॅपलच्या एआरएमवर पुन्हा साइन्ड. एकेक अक्षर वाचणाऱ्या ‘गेटकॅर’नं दिलेली किंमत ‘कॅर’मध्ये ठेवून ‘ईओएफ’शी (फाइल संपल्याची खूण, उणे 1) ताडली, तर एआरएम लिनक्सवर उणे 1 चे 255 होतात आणि लूप कधीच थांबत नाही. इंटेलवर उलटा घोळ: फाइलमध्ये 255 किमतीचा बाइट आला की वाचन मध्येच तुटतं. किंमत ‘इंट’मध्येच घ्या. एआरएमचं यंत्र हाताशी नसलं, तर ‘-एफअनसाइन्ड-कॅर’ (-funsigned-char) लावून इंटेलवरच एक बिल्ड करून टेस्ट चालवा.

स्ट्रिंगची प्रत काढणारं ‘स्ट्रडप’ जाहीरच नाही अशी तक्रार आली, तर त्याची घोषणा हातानं लिहू नका. ‘-एसटीडी=सी99’ (-std=c99) लावल्यावर पॉसिक्सची, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकातली, फंक्शन्स हेडरमध्ये झाकली जातात; पहिल्या हेडरच्याही आधी पॉसिक्सचा मॅक्रो डिफाइन करा.

दुसऱ्यांच्या लायब्ररीची हेडर्स ‘-आयसिस्टम’नं (-isystem) जोडा, म्हणजे त्यांचा गोंगाट तुमच्या लॉगमध्ये येणार नाही. एका प्रकारची वॉर्निंग, एक कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद), आणि प्रत्येक कमिटनंतर तिन्हीकडे बिल्ड. न वापरलेले पॅरामीटर अगदी शेवटी घ्या. कॉलबॅकमध्ये, म्हणजे दुसऱ्या कोडनं बोलवायला दिलेल्या फंक्शनमध्ये, ते असायचेच, तिथे ‘व्हॉइड’चा कास्ट पुरतो.