हॉकीपटूंची हंगामअखेरची निवड आणि कारकिर्दीचे मोल : तुलना कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हॉकी म्हणजे मैदानी हॉकी, आणि 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील बेळगावचे बंडू पाटील यांचे नाव येथे आजही अभिमानाने घेतले जाते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे (एनएचएल) आइस हॉकीचे, म्हणजे बर्फावरील हॉकीचे, सामने हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात. ते पाहणारे आपल्याकडील तरुण थोर खेळाडू कोण हे ठरवताना ऑल-स्टार निवडींची नुसती बेरीज पुढे करतात. ती बेरीज वाचण्याची एक रीत आहे.

प्रथम कोणत्या निवडीविषयी बोलत आहोत ते ठरवावे. हंगामाच्या मध्यावर होणारा ऑल-स्टार सामना प्रदर्शनी असतो आणि त्यात चाहत्यांच्या मतांना वाव मिळत आला आहे. 2016 साली जॉन स्कॉट हा क्वचितच गोल करणारा खेळाडू याच मतांवर कर्णधार झाला. हंगामअखेरचे पहिले व दुसरे ऑल-स्टार संघ, म्हणजे प्रत्येक जागेवरील त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंची नुसती कागदावरची यादी, 1930-31 पासून निवडले जातात आणि आज त्यांसाठी हॉकीचे पत्रकार मतदान करतात. तुलनेसाठी फक्त हेच घ्यावेत.

त्यानंतर वहीत प्रत्येक खेळाडूसाठी वर्ष, जागा आणि पहिला की दुसरा संघ हे लिहावे व शेजारी त्या वर्षी त्याच जागेवर त्याच्या पुढे कोण होते याचा रकाना ठेवावा. सगळे मर्म या शेवटच्या रकान्यात आहे. डेट्रॉइटचा स्टीव्ह आयझरमन पाहा. त्याची निवड उभ्या कारकिर्दीत एकदाच, 1999-2000 मध्ये झाली. आता 1988-89 ची ओळ भरून पाहावी : आयझरमनचे 65 गोल आणि 90 सहाय्य, म्हणजे 155 गुण, आणि खेळाडूंनी स्वतः मते देऊन दिलेला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला, परंतु सेंटरच्या (आघाडीच्या फळीतील मधल्या) जागेवर त्याच वर्षी मारियो लेम्यूचे 199 आणि वेन ग्रेट्स्कीचे 168 गुण होते, आणि दोन संघांत मिळून सेंटरच्या जागा दोनच असतात. निवड हुकली ती अशी. ज्याच्या पुढे हे दोघे उभे होते, त्याच्या नावापुढील शून्य आणि सामान्य खेळाडूच्या नावापुढील शून्य एका मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

काळाचीही नोंद हवी. 1942 ते 1967 या काळात लीगमध्ये संघ सहाच होते. आज 32 आहेत, आणि निवडीच्या जागा मात्र तेवढ्याच. म्हणून जुन्या काळातील दुसऱ्या संघातील स्थान आजच्याइतके दुर्मीळ मानू नये. याला गॉर्डी हाउचा अपवाद करावा लागतो, कारण त्याच्या 21 निवडी 1948-49 पासून 1969-70 पर्यंत पसरलेल्या आहेत आणि शेवटच्या हंगामात, लीगमध्ये बारा संघ असताना, एक्केचाळिशी ओलांडलेला हाउ पहिल्या संघात होता.

बचावपटूंमध्ये रे बोर्कच्या निवडी 19 आणि बॉबी ऑरच्या 9. बोर्क 22 हंगाम खेळला, तर गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ऑरला अवघे 657 सामने मिळाले आणि त्यातही तो सलग आठ वर्षे पहिल्या संघात होता. दीर्घकाळ टिकलेला दर्जा व शिखराची उंची हे दोन वेगळे गुण आहेत. त्यांची सरासरी काढू नये, दोन्ही स्वतंत्रपणे लिहावेत. बेरजेतही खोच असू शकते : 2012-13 मध्ये अलेक्झांडर ओवेच्किन जागा बदलून खेळला, मते विभागली गेली आणि तो उजव्या बाजूला पहिल्या संघात व डाव्या बाजूला दुसऱ्या संघात, असा एकाच वर्षी दोनदा निवडला गेला.

या मतदानात स्टॅनले कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या चषकाच्या, बाद फेरीतील खेळ धरला जात नाही, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. आन्री रिशारने हा चषक अकरा वेळा जिंकला, पण पहिल्या संघात तो एकदाच आला, कारण सेंटरची जागा बहुधा त्याच्याच संघातील ज्याँ बेलिव्होकडे जात असे. म्हणून चषक, बाद फेरीतील कामगिरी व कर्णधारपद यांसाठी वहीचे वेगळे पान करावे आणि कारकिर्दीविषयीचे मत दोन्ही पाने समोर ठेवूनच बनवावे.

मैदानी हॉकीला हीच रीत लावताना पुरस्कार कधी सुरू झाला ते आधी पाहावे. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार 1998 पासून आहे. हरमनप्रीत सिंगने तो तीनदा मिळवला. चार ऑलिंपिक खेळलेल्या खडकीच्या धनराज पिल्लेला तो मिळाला नाही, परंतु त्याच्या उमेदीची बरीच वर्षे पुरस्कार सुरू होण्यापूर्वीच सरली होती. बंडू पाटलांच्या काळात तर तो नव्हताच. त्यांच्या ओळीत पुरस्काराचा रकाना शून्य न लिहिता कोरा ठेवावा, आणि शेजारी पाकिस्तानला अंतिम सामन्यात 1-0 ने हरवणाऱ्या भारतीय संघातील त्यांचे स्थान नोंदवावे.