टेबलवर गिऱ्हाईक तापलं की काय करायचं (नवीन वेटर पोरांसाठी)

रविवारी दुपारी एक ते साडेतीन ठाण्यातल्या कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटमध्ये उभा राहून बघ, घोडबंदर रोड असो नाहीतर नौपाडा, बाहेर वेटिंगला ही गर्दी, आत दर दुसऱ्या टेबलवर एक आजी आणि एक रडणारं पोर, आणि तव्यावर माणूस एकटा. भांडणं याच टायमाला होतात आणि माझं मत विचारशील तर बरीचशी "पाच मिनिटात येतंय साहेब" या एका वाक्यामुळे होतात. ते वाक्य आधी तोंडातून काढून टाक.

त्यापेक्षा आत जा, आपली केओटी (किचनला दिलेली ऑर्डरची चिठ्ठी) कितव्या नंबरवर आहे ते कुकला विचार आणि खरा टाइम सांग. "सुरमई फ्रायला वीस मिनिटं लागतील काका, तोवर सोलकढी आणू का?" वीस मिनिटं माणूस थांबतो, बायकोशी गप्पा मारतो, मोबाईल बघतो. पण पाच मिनिटं चार वेळा ऐकल्यावर त्याचे तेच वीस झालेले असतात आणि वर आपल्याला येडं बनवलं असं वाटतं. वेटिंगचं पण तसंच, बाहेर पाऊण तासाचं दहा मिनिटं सांगून कोणीतरी बसवून ठेवलेलं असतं आणि ते गिऱ्हाईक आत येतानाच तापलेलं येतं, चटका मात्र तुला. अशा टेबलला पाणी आणि मेन्यू लगेच ठेव, "खूप थांबावं लागलं ना" एवढं बोल, बास.

ऑर्डर घेतल्यावर परत वाचून दाखवायची, कंटाळा आला तरी. जैन म्हटलं तर कांदा लसूण नाहीच, बटाटा गाजर आलं पण नाही, हे केओटीवर लिही आणि कुकला तोंडानेपण सांग, कारण ग्रेव्ही सकाळीच कांदा घालून झालेली असते. माहीत नसेल तर "हो हो जैनच आहे" असं ठोकून देऊ नकोस, आत विचारून ये. आपल्याकडे एकाच टेबलवर बाबा मटण खातात आणि आईचा चतुर्थीचा उपास असतो, तिथे वाढायचा चमचा इकडचा तिकडे गेला की संपलं.

आता तक्रार आलीच. "ग्रेव्ही खारट आहे." यावर सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे "बाकी कोणी नाही बोललं सर". म्हणजे काय, त्याचीच जीभ खराब? दुसरं वाईट उत्तर "पण" ने सुरू होतं. टेबलच्या त्याच्या बाजूला जा, थोडं वाक, हाताची घडी घालू नकोस, पूर्ण बोलू दे. मग "सॉरी साहेब" आणि प्लेट उचल, लगेच. प्लेट समोर आहे तोवर माणूस त्याच प्लेटवर बोलत राहतो, ती गेली की आवाज निम्मा होतो, हे करून बघ. आणि दोनच पर्याय दे, हेच परत करून आणू की दुसरं काही चालेल.

अर्धी सुरमई खाऊन "ताजी नाहीये" म्हणणारे पण येतात. ते तू ठरवायचं नाही, केओटी कॅन्सल करायची की नाही ते कॅप्टन, म्हणजे वेटरांच्या वरचा माणूस, बघेल. मी असतो तर बदलून देतो, एक तुकडी परवडते, शेजारची दोन टेबलं कान देऊन ऐकतायत ते नाही परवडत. फक्त काटा उरल्यावर तक्रार आली तर गोड बोलून ऐकून घे, बिल तेच. आवाज चढला की आपला खाली आण आणि कॅप्टनला बोलव. त्यात कमीपणा काही नाही, नवीन माणसाला तीच तक्रार दुसऱ्यांदा सांगताना राग आपोआप उतरतो.

बिलावर वाद घालायच्या आधी बिल समजून घे. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, एसी असो नसो. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, ४ जुलै २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची गाईडलाईन आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ती उचलून धरलीय. कोणी काढा म्हटलं तर तोंड वाकडं न करता कॅप्टनकडून काढून आण, नाहीतर तो तिथेच बसून १९१५ ला फोन लावेल आणि बरोबरच करेल.

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. काउंटरवरचा पैसे आल्याचं बोलणारा बॉक्स बोलला नाही तर "फेक आहे" म्हणायचं नाही, "आमच्याकडे अजून दिसत नाहीये साहेब, नेटवर्क असेल, दोन मिनिटं बसा" म्हणायचं. खरा असेल तर बसतो.

"ए", "शुक शुक" हे होणारच, मला पण आवडत नाही. पहिल्यांदा पाणी ठेवताना आपलं नाव सांग, आजी लोक तर लगेच नावाने हाक मारून गाव कुठलं ते पण विचारतात.

दारूचं वेगळं. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, वाद न घालता आयडी माग. चढलेल्या टेबलला नवीन पेग द्यायचा की नाही ते कॅप्टनला विचार. आणि अंगावर हात, आईबहिणीवरून शिव्या, किंवा आपल्या मुलींना त्रास, तिथे सॉरी वगैरे काही नाही, मॅनेजर, आणि ऐकत नसतील तर ११२. त्या मुलीचं सेक्शन तिला चौकशा न करता बदलून द्यायचं.

भांडण झाल्यावर लगेच दुसऱ्या टेबलवर ते तोंड घेऊन जाऊ नकोस, आत जाऊन पाणी पी. शिव्या घालायच्या तर किचनच्या दारामागे घाल, पासजवळ (किचनमधून प्लेटा बाहेर येतात तिथे) उभं राहून मराठीत पुटपुटू नकोस, इथे शेट्टी पण आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो, गिऱ्हाईकाचं काय घेऊन बसलास.