पाटणला निघण्याआधी शिफ्टचा हिशोब

चाळीसगावहून पाटणच्या पाटणादेवी मंदिराला कॅमेरा घेऊन निघायचे असेल, तर पहिली तयारी बॅगेची नाही, कागदाची. गेल्या हिवाळ्यात मी ती केली नाही. उंच मंदिर चौकटीत यावे म्हणून कॅमेरा न कलवता लेन्सच वर सरकवायची, यालाच शिफ्ट म्हणतात; कॅमेऱ्याचा स्क्रू फिरतोय तोवर मी ती सरकवत गेलो. मंदिराच्या चित्राचे वरचे दोन्ही कोपरे काळवंडले, आणि डिजिटल बॅकच्या, म्हणजे कॅमेऱ्यामागे लावलेल्या सेन्सरच्या डब्याच्या, लहानशा पडद्यावर ते उन्हात दिसलेच नाहीत. कॅमेरा किती सरकतो याने मर्यादा ठरत नाही. लेन्सच्या इमेज सर्कलने ठरते, म्हणजे लेन्स मागे जे गोल चित्र पाडते त्याच्या व्यासाने.

म्हणून आदल्या दिवशी वही घ्या. माझ्या बॅकचा सेन्सर ५३.४ × ४० मिमी, आणि ४० मिमी रोडेनस्टॉक डिगारॉन-डब्ल्यूचे सर्कल ९० मिमी. भुजा-कोटी-कर्णाचेच गणित आहे: त्रिज्या ४५ हा कर्ण, सेन्सरची अर्धी रुंदी २६.७ ही भुजा, कोटी येते ३६.२. त्यातून अर्धी उंची २० वजा केली की उरतात १६ मिमी. आडव्या चौकटीत तेवढेच वर जाता येते. ज्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे, तिथे हे गणित न करता जाणे मला आता बरे वाटत नाही.

बॅक उभा लावला तर वर सरकायला साडेतेराच मिमी मिळतात. तरीही उंच मंदिरासाठी उभाच लावा. चौकटच वर लांब असल्याने वरची कड मध्यापासून ४० मिमीवर पोचते, आडव्यात ३६ वर. पंधरा मीटरवर उभे राहिलात तर हा फरक सुमारे दीड मीटरचा, म्हणजे कळस आत की बाहेर.

आणखी एक आकडा वहीत ठळक लिहा. वर आणि बाजूला एकाच वेळी सरकवले तर दोन्ही मर्यादा पूर्ण मिळत नाहीत. आडव्या चौकटीत १० मिमी वर गेलात की बाजूला जेमतेम पावणेसात उरतात, कारण भार कोपऱ्यावर येतो. शेवटचे दोन मिमी मी कधीच वापरत नाही. ७० मिमी सर्कलची लेन्स असेल तर आडव्यात अडीच मिमी मिळतात. ती शिफ्टसाठी नेऊच नका.

कागदावरचा आकडा घरी तपासून पाहा. श्नायडरच्या ३५ मिमी डिजिटार एक्सएलचेही सर्कल ९०च, पण तिची मागची काच सेन्सरच्या फार जवळ बसते. कडेला किरण इतके तिरपे पडतात की जुन्या सेन्सरवर एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला जांभळट छटा चढते. बॅक-इल्युमिनेटेड, म्हणजे प्रकाश टिपणारा थर वरच्या बाजूला असलेल्या, सेन्सरवर हा त्रास बराच कमी होतो. गच्चीवरून लांबची इमारत घेऊन ०, ५, १०, १५ मिमीवर फोटो काढा, संगणकावर पूर्ण मोठे करून कोपरे बघा, आणि जिथे दगडाची धार विरघळते तो आकडा स्वतःची मर्यादा म्हणून लिहा.

दुधी रंगाची एलसीसी प्लेट विसरू नका; लेन्ससमोर धरून तिचा फोटो घेतला की कडेची छटा आणि काळोख नंतर संगणकावर दुरुस्त करता येतो. शिफ्ट बदलली की तिचा फोटो नव्याने, लेन्सच्या त्याच छिद्रावर (अ‍ॅपर्चरवर); तो तिथल्या तिथेच काढलेला बरा. छिद्र एफ/११ च्या पुढे शक्यतो नको, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, तपशील मऊ पडतो.

तिपाई, लेव्हल, सेन्सरचा ब्लोअर, जास्तीच्या बॅटऱ्या. मंदिर गौताळा अभयारण्याच्या हद्दीत आहे, तेव्हा तिपाईबद्दल आधीच विचारून घ्या. एप्रिल-मे टाळा; पारा चाळिशी ओलांडतो, बॅक तापतो आणि सावलीत दाणे येतात. डिसेंबरात सकाळी पोचा, आणि वही लेन्सच्या शेजारीच, वरच्या कप्प्यात ठेवा.