भरिताला पाणी सुटत होतं, ते असं थांबलं

भरीत ताटात वाढलं की थोड्याच वेळात कडेला पाणी, आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी खालून ओली. वांगी जास्त भाजली, फोडणीत जास्त परतलं, तर कांद्याची पात पार मरगळली. जीव नुसता वैतागला होता.

मूळ मिठात होतं. ते वांग्यातलं, पातीतलं पाणी बाहेर ओढतं. आता पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून सोलते आणि चाळणीत निथळू देते. तपकिरी पाणी गळायचं थांबलं की बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचते. हिरवी मिरची-लसूण ठेचतानाही मीठ नाही. तेलात शेंगदाणे, मग ठेचा, मग वांगं. गॅस बंद केल्यावर पात. मीठ सगळ्यात शेवटी, पानं मांडल्यावर, आणि बारीकच. खडेमीठ तेवढ्यात विरघळत नाही.